संशयाचा फायदा कोणाला?

मराठीत ‘संशय’ हा शब्द दोन ठिकाणी राहतो. एक कोर्टात, दुसरा घरात. कोर्टात तो आरोपीच्या बाजूने उभा असतो. ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ हे वाक्य वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखालून गेलेले आहे. घरात तो बाईच्या अंगावर येतो. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हीही बातमी तितकीच नेहमीची. पहिला संशय सरकारला विचारतो, तुझा आरोप तू सिद्ध केलास काय? दुसरा बाईला विचारतो, तू तेथे गेलीसच कशाला? हे दोन संशय वेगळे आहेत. बलात्काराच्या खटल्यात मात्र ते एकमेकांत मिसळतात, आणि मिसळल्यावर त्या मिश्रणालाच ‘वाजवी संशय’ असे नाव मिळते, अशी माझी तक्रार आहे.

मी सिन्नरला महाविद्यालयात मराठी शिकवते. कायद्याचे शिक्षण माझ्याजवळ नाही. आमच्या घराण्यात पदवी म्हणून जी पहिली आली ती मराठीचीच. पण निकालपत्र शेवटी भाषेतच लिहिलेले असते. हा शब्द येथे का आला, बोलतो कोण, गप्प कोण आहे, हे प्रश्न आपण कवितेला विचारतो. ते निकालपत्राला विचारायला वकिलीची सनद लागत नाही. एखाद्या खटल्याचा निकाल लागला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. बाई असे खोटे सांगणारच नाही, असे एक म्हणतो. पुरावा कोठे आहे, असे दुसरा. निकालपत्र वाचण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. म्हणून गेल्या सत्रात मी वर्गात १९७८ सालचे सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र वाचायला घेतले. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. कायद्याच्या पुस्तकात हा खटला आरोपीच्या नावाने आहे, चळवळीत तो त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी गावाचे नाव वापरते : देसाईगंज. पीडित स्त्रीचे नाव छापू नये असा कायदा १९८३ साली झाला. याच खटल्यावरून उठलेल्या आंदोलनाने तो घडवला, हे तिच्या नावाने घोषणा देताना आपल्या ध्यानात राहत नाही.

देसाईगंज सिन्नरपासून राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. आज ते गडचिरोली जिल्ह्यात येते, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. आईबाप नसलेली, भावाजवळ राहणारी, मजुरीला जाणारी एक आदिवासी मुलगी. वय, डॉक्टरांच्या अंदाजाने, चौदा ते सोळा. ज्या घरी ती कामाला जाई त्या घरच्या एका नातलग तरुणाशी तिने लग्न ठरवले होते. भावाने पळवून नेल्याची तक्रार दिली आणि २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात आणले गेले. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास मंडळी निघाली, तक्रार लिहून घेणारा हवालदारही घरी गेला. ठाण्यातल्या शिपायाने मुलीला तेवढे थांबवून घेतले. बाहेरच्यांनी पाहिले तर आतला दिवा मालवलेला आणि दार आतून बंद. त्यांनी हाका मारल्या. दुसरा हवालदार, म्हणजे हा तुकाराम, बाहेर आला आणि म्हणाला, मुलगी केव्हाच गेली. मग ती मुलगी ठाण्याच्या मागच्या अंगाने आली आणि शिपायाने बलात्कार केल्याचे तिने जागच्या जागी, सगळ्यांसमोर सांगितले. जमाव खवळला. ठाणे जाळण्याची भाषा झाली, तेव्हा कोठे तक्रार लिहिली गेली. डॉक्टरी तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री, सुमारे वीस तासांनी.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी दोघांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवून शिपायाला पाच वर्षे आणि तुकारामला एक वर्ष शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा दोघांना सोडले. तीन न्यायालयांपुढे पुरावा एकच होता. बदलले ते वाचन.

सत्र न्यायालयाचे वाचन पाहा. तपासणीत अंगावर जखम आढळली नाही आणि मुलीचा पूर्वी शरीरसंबंध आला असल्याची खूण आढळली. एवढ्यावरून न्यायाधीशांनी तिला शरीरसंबंधाची सवय असलेली ठरवले, खोटारडी ठरवले. मग प्रश्न उरला, की ती आपल्या मर्जीने वागली असेल तर बाहेर येऊन तिने बलात्कार झाल्याचे का सांगितले? उत्तर तयार होते : जमावात तिचा प्रियकर उभा होता, त्याच्यापुढे तिला शीलवान ठरायचे होते. हे कोणा साक्षीदाराने सांगितलेले नाही. हे न्यायाधीशांनी रचलेले आहे. कथेत पात्राच्या मनात शिरण्याची मुभा लेखकाला असते, पुरावा मोजणाऱ्याला ती कशी मिळाली? आणि त्या मनात शिरल्यावर सापडले काय, तर शिपायाकडे स्वतः ओढली गेलेली आणि घटकाभरात शीलाची चिंता करणारी बाई! ही बाई देसाईगंजची नाही. ती तमाशाप्रधान चित्रपटांतली आहे.

उच्च न्यायालयाने मात्र एक महत्त्वाचा भेद केला. संमती वेगळी आणि भीतीपोटी देह स्वाधीन करणे वेगळे. यासाठी वापरलेल्या इंग्रजी शब्दांना मराठी काय म्हणावे, यावर आमच्या वर्गात जवळजवळ पूर्ण तास गेला. ‘शरणागती’ पुस्तकी वाटला. ‘मान तुकवणे’ चालले असते, पण त्यात थोडी राजीखुशी शिरते. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने ‘निमूट सोसणे’ सुचवले आणि मग कोणी पुढे शोधले नाही. त्याच तासाला दुसरी एक मुलगी म्हणाली होती, ‘मॅडम, पण तिने ओरडायला हवे होते.’ तिच्या शेजारणीने विचारले, ‘ठाण्यात ओरडून बोलवायचे कोणाला? पोलिसांना?’

सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मानला नाही. अंगावर इजेची खूण नाही, म्हणून प्रतिकार केल्याचे सांगणे खोटे. प्रतिकार खोटा, म्हणून घडले ते शांततेत घडले. भीतीबद्दल म्हणावे तर कायद्यातली भीती म्हणजे मरणाची किंवा इजेची भीती, आणि तशी भीती सिद्ध झालेली नाही. शिवाय, नातलग जवळ असताना शिपाई तिला नेऊ लागला तेव्हाच तिने त्यांच्याकडे दाद का मागितली नाही? गुन्ह्याचा प्रत्येक घटक सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची आहे, हेही न्यायालयाने बजावले. हे शेवटचे वाक्य मला मान्य आहे आणि त्याच्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. माझे भांडण त्याच्या आधीच्या वाक्यांशी आहे.

कारण संशय घ्यायचा तर घेण्याजोग्या गोष्टी समोर होत्या. दिवा का मालवला? दार आतून का लावले? मुलगी ठाण्याच्या आवारात असताना ‘ती गेली’ असे का सांगितले? राजीखुशीच्या मामल्यात हवालदार जमावाशी खोटे का बोलतो? या खोट्याचा निकालाच्या तागडीत काही भार पडला नाही. मुलीच्या सांगण्यातला जो भाग प्रतिकाराविषयी होता तो मात्र कणाकणाने तपासला गेला. एकाचे खोटे परिस्थितीत विरून गेले आणि दुसरीचे न पटलेले वाक्य तिच्या सबंध साक्षीला चिकटले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ती आपल्या सभांतून सांगितली जात नाही. तुकारामपुरते पाहिले तर, त्याने काय केले याबद्दल तक्रारीत आणि साक्षीत तिचे सांगणे जुळत नव्हते. त्याला सोडताना न्यायालयाने या विसंगतीवर बोट ठेवले. हा संशय वस्तुस्थितीतून निघालेला आहे. तो पटो वा न पटो, त्याची जात वेगळी आहे. एकाच निकालपत्रात दोन जातींचे संशय शेजारी बसलेले आहेत. एक दोन जबाबांतल्या फरकातून आलेला, दुसरा ‘अशा’ मुलीने कसे वागायला हवे होते या कल्पनेतून आलेला. दोघांना फायदा मात्र सारखा मिळाला.

‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन ज्यांनी प्रचारात आणले त्यांना गप्प बसण्याची सक्ती कधी झालेली नसावी. आपल्या वाडवडिलांचा इतिहास या वचनाच्या विरुद्ध साक्ष देतो. वेठीला बोलावल्यावर महार जात होता. तराळकी करीत होता, मेलेले ढोर ओढीत होता, शिळी भाकर पदरात घेत होता आणि वर जोहार घालीत होता. अंगावर इजेची खूण प्रत्येक वेळी नसे. मग ती गावगाड्याला दिलेली त्याची संमती होती काय? बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाचे बिल आणले ते कशासाठी? पिढ्यान्‌पिढ्या जे ‘चालत आले’ त्याला मंजुरी समजू नये, हेच तर त्यांचे सांगणे होते. सावकाराच्या कागदावरचा अंगठा घ्या. कोर्टात तो कागद समजून-उमजून दिलेली संमती म्हणून उभा राहत आला. ज्याने अंगठा उठवला त्याला कागदावर काय आहे हे कोणी वाचून दाखवले होते, असा प्रश्न क्वचितच निघे.

दूर कशाला, सिन्नरमध्येच पाहावे. हे बिडी कामगार बायांचे गाव. माझी आई बिड्या वळायची. दिवसभर वळलेला माल कारखान्यात दिला की मोजून घेणारा त्यातल्या मूठभर बिड्या ‘खराब’ म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत, बिड्याही परत मिळत नसत. रांगेतली एकही बाई बोलत नसे, कारण उद्याचे पान आणि तंबाखू त्याच्याच हातून मिळायचे असे. बाहेरून पाहणाऱ्याला तो व्यवहार किती शांततेत चाललेला दिसला असता! ज्या माणसाच्या हातात आपली उद्याची भाकर आहे, किंवा ज्याच्या हातात आजच्या रात्री दाराची कडी आहे, त्याच्यापुढे गप्प राहणे ही संमती नव्हे, हे समजायला कष्टकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला कायदा वाचावा लागत नाही. ज्यांनी निकाल दिला त्यांना तो अनुभव नव्हता, हा त्यांचा दोष नाही. पण अनुभव नसताना आपली समजूत हीच सर्वांची समजूत धरून त्यांनी तिला ‘वाजवी’ म्हटले, हा दोष आहे.

निकालाला वर्ष झाल्यावर, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. चौदा-सोळा वर्षांच्या मजूर मुलीने दोन पोलिसांच्या तावडीत, ठाण्याच्या आत, अंगावर जखमा उमटतील इतका प्रतिकार करावा अशी अपेक्षा आहे काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवून दिली. ती मला सर्वांत बोचरी वाटते. त्याच १९७८ सालच्या एप्रिलमध्ये नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने, स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावणे कायद्याविरुद्ध आहे म्हणून पोलिसांना फटकारले होते. सत्पथी ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री. पाच महिन्यांनी आलेल्या देसाईगंजच्या निकालात, रात्री त्या मुलीला ठाण्यात आणले आणि ठेवून घेतले याबद्दल निषेधाचे वाक्य नाही.

पुढचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १९८० च्या ८ मार्चचे मोर्चे निघाले. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडी, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती म्हटले, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे असे ठरले. १९९० साली नागपूरच्या एका फौजदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की पीडित स्त्रीची साक्ष जखमी साक्षीदाराच्या साक्षीच्या तोलाची मानावी, गुन्ह्यातल्या साथीदारासारखी तिच्याकडे पाहू नये. तिच्या ‘चालीरीती’वरून तिला खोटी पाडण्याची मुभा देणारे कलम २००२ च्या दुरुस्तीने गेले. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरू नये, हे २०१३ साली कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे नागपूर खंडपीठाने १९७६ साली जे ओळखले होते ते कायद्याच्या पुस्तकात यायला सदतीस वर्षे लागली.

पण हे सगळे सांगून झाल्यावर वर्गातला एक मुलगा उठला. तो एका वस्तीतून येतो, कोणत्या ते लिहिण्याची गरज नाही. म्हणाला, ‘मॅडम, बाईच्या शब्दावर शिक्षा म्हटले तर पोलीस पहिल्यांदा आमचीच पोरे उचलतील.’

हा प्रश्न टाळून आपल्या चळवळीला पुढे जाता येणार नाही. नाशिक जिल्ह्याने तर तो टाळूच नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या तळेगावात एका लहान मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाल्याची तक्रार आली आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. साक्ष, तपासणी, खटला यांच्या कितीतरी आधी शिक्षा झाली, आणि ती ज्यांचा त्या तक्रारीशी काडीचा संबंध नव्हता त्यांना झाली. त्याच वर्षी कोपर्डीत एका मुलीचा अत्याचार करून खून झाला. त्या खटल्यात न्यायालयाने २०१७ साली तिघांना दोषी ठरवले. तो गुन्हा भयंकर होता आणि त्यातल्या आरोपींची जात पाहून आपला आवाज बारीक होता कामा नये. पण खटला उभा राहण्याआधीच मोर्च्यांतून अॅट्रॉसिटी कायदाच नको अशी मागणी निघाली. तिघांवरच्या आरोपाची फेड सबंध समाजाच्या संरक्षणातून मागितली जात होती.

जालना जिल्ह्यातला एक खटला या मुलासाठी मी मुद्दाम काढला. २००३ साली भोकरदन तालुक्यात एका कुटुंबातल्या पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाले. भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर पकडले गेले. २००६ साली त्यांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. वाचलेल्या प्रत्यक्ष साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच चार माणसे ओळखली होती. त्या चौघांचा तपास पुढे गेलाच नाही. हा कागद खटल्यात होता. संशय घ्यायला याहून वाजवी कारण कोणते हवे? तरी तो संशय सोळा वर्षे कोणाला आला नाही, कारण आरोपी ‘तसल्या’ जमातीचे होते. आणि त्या साक्षीदार स्त्रीलाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नका. तिने दिलेली पहिली ओळख पोलिसांनी बाजूला सारली. तिचेही ऐकले गेले नाही ते नाहीच.

आता देसाईगंज आणि जालना शेजारी ठेवून पाहा. एकीकडे आरोपी वर्दीतले आणि साक्षीदार आदिवासी मुलगी. संशय तिच्या अंगावरून निघाला. दुसरीकडे आरोपी भटके. संशय निघायला हवा होता तेथे निघाला नाही. संशयाचा फायदा हे तत्त्व दोन्ही ठिकाणी जागेवर होते. ते कोणासाठी उघडायचे हे मात्र जातीच्या आणि वर्दीच्या हिशेबाने ठरत होते. म्हणून बाईवर विश्वास ठेवा की आरोपीला संशयाचा फायदा द्या, असा जो वाद घातला जातो तो मला आपल्या कामाचा वाटत नाही. आपल्या वस्तीत ती मुलगीही आहे आणि तो मुलगाही आहे. आपण विचारायचे ते एवढेच, की संशय कशावरून घेतला? दोन जबाबांतल्या फरकावरून, रक्ताच्या तपासणीवरून, न शोधलेल्या फोटोवरून घेतला असेल तर त्याचा फायदा आपल्या शत्रूला मिळाला तरी तो मान्य केला पाहिजे. बाईच्या ‘सवयी’वरून, तिच्या गप्प राहण्यावरून, आरोपीच्या जमातीवरून घेतला असेल तर तो घरातला संशय आहे, कोर्टातला नव्हे.

यात पोलिसांच्या पहिल्या दिवसाचे महत्त्व फार मोठे आहे आणि त्यावर आपण फार कमी लिहितो. संशय पुष्कळदा कोर्टात निर्माण होत नाही, तो ठाण्यात पेरला जातो. देसाईगंजला तपासणी वीस तास उशिरा झाली. २००६ च्या खैरलांजीत खून सिद्ध झाले, पण लैंगिक अत्याचाराचा मुद्दा कोर्टात उभा राहिला नाही आणि अॅट्रॉसिटीची कलमेही लागू धरली गेली नाहीत. पहिल्या काही दिवसांत जे नोंदले गेले नाही ते नंतर कितीही मोर्चे काढले तरी कागदावर येत नाही. आणि बदलापूरला तर खटलाच उरला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले, २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना पोलिसाच्याच गोळीने मेला आणि पुष्कळांनी आनंद साजरा केला. आपल्यातलेही काही त्यात होते. पोलिसाने दार लावून घेतले की आत काय झाले ते त्याच्याच तोंडून ऐकायचे, हे आपल्याला १९७२ साली मान्य नव्हते.

येत्या सत्रात जालन्याचे २०१९ चे निकालपत्र लावले आहे. इंग्रजी अवघड आहे, म्हणून विद्यार्थ्यांनी भाग वाटून घेऊन मराठी करायचे ठरले आहे. चार फोटोंचा भाग त्या मागच्या बाकावरच्या मुलीकडे आणि वस्तीतल्या त्या मुलाकडे मिळून दिला आहे.